स्वस्त दुकानाला परवडतं कसं? आणि आपल्या मालाचा भाव कसा ठरवायचा?



मासिक बैठकीत हजेरी, बचत आणि वसुली आटोपली की हल्ली एक विषय हमखास निघतो. पनवेल, उरण, पेण, कुठल्याही गावात जा, कोणीतरी ताई म्हणतेच, "डीमार्टात तेलाची पिशवी आपल्या वाण्यापेक्षा स्वस्त. वर छापलेली किंमत एक आणि बिलात लागते दुसरी. त्यांना परवडतं कसं?" आणि त्याच बैठकीत मसाला, पापड करणाऱ्या ताया दुसरा प्रश्न विचारतात, "मग आमचा माल कोण घेणार? आम्हीपण भाव उतरवायचा का?"

पहिला प्रश्न उत्सुकतेचा आहे. दुसऱ्यात मात्र आपल्या गटाचं भांडवल आणि आपली मजुरी अडकलेली आहे. मोठ्या दुकानाचं बघून आपण भाव उतरवला आणि आपलं गणित त्यांच्यासारखं नसलं, तर कर्जाचा हप्ता स्वतःच्या खिशातून भरायची वेळ येते. म्हणून या अंकात दोन्ही प्रश्न एकत्र घेतले आहेत. थोडी आकडेमोड आहे, पण आपल्या गटाच्या हिशोबाच्या वहीत बसेल एवढीच. वही-पेन घेऊन वाचा.

आधी "मार्जिन" समजून घेऊ

समजा एक वस्तू १०० रुपयांना आणली आणि १२५ ला विकली. २५ रुपये सुटले. बहुतेक जणी म्हणतात, "पंचवीस टक्के नफा." खरेदीवर मोजलं तर बरोबर आहे. पण व्यापारात मार्जिन विक्रीवर मोजतात. १२५ रुपयांच्या विक्रीत २५ रुपये, म्हणजे २० टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त कशावर मोजले ते वेगळं. एखादा दुकानदार "मला वीस टक्के मार्जिन पाहिजे" म्हणाला, तर तो विक्रीच्या किमतीवर बोलतोय हे लक्षात ठेवा. इथेच पुष्कळ गट फसतात.

दुसरी गोष्ट. हे २५ रुपये म्हणजे हातात राहिलेला नफा नव्हे. यातून भाडं, वीज, गाडी, मजुरी, व्याज, खराब झालेला माल हे सगळं जायचं आहे. खर्च जायच्या आधीचं मार्जिन वेगळं आणि सगळं देऊन शेवटी राहतो तो निव्वळ नफा वेगळा. बैठकीत बोलताना नेहमी विचारा, "हा नफा खर्चाआधीचा की खर्चानंतरचा?"

एमआरपी म्हणजे ठरलेला भाव नव्हे

पाकिटावर एमआरपी छापलेली असते. ती सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत असते. त्यापेक्षा जास्त घेणं कायद्याने चालत नाही, कमी घेणं चालतं. एमआरपीमध्ये कंपनीचा खर्च आणि नफा, वितरकाचा वाटा, दुकानदाराचा वाटा आणि कर असं सगळं आधीच बसवलेलं असतं.

म्हणजे गावातला वाणी १०० रुपये एमआरपीची वस्तू १०० ला देतो तेव्हा तो लुबाडत नाही. त्याच्या वाट्याला आलेले आठ-दहा रुपये तो पूर्ण ठेवतो, इतकंच. मोठं दुकान कंपनीकडून थेट आणि प्रचंड प्रमाणात माल घेतं, त्यामुळे वितरकाच्या वाट्यातलाही काही भाग त्याच्याकडे येतो. त्यातला थोडा ते आपल्याला सवलत म्हणून देतं. बिलाच्या खाली "तुम्ही इतके वाचवले" असं लिहिलेलं असतं ते या फरकातून आलेलं असतं.

नेरूळपासून सुरू झालेली गोष्ट

डीमार्टचा आपल्या नवी मुंबईशी जुना संबंध आहे. राधाकिशन दमाणी हे मुळात शेअर बाजारातले गुंतवणूकदार. १९९९ च्या सुमारास त्यांनी नेरूळमध्ये "अपना बाजार"ची फ्रँचायझी चालवायला घेतली. अपना बाजार म्हणजे १९४८ साली मुंबईत नायगावला सुरू झालेली ग्राहकांची सहकारी संस्था. अनेक घरांनी एकत्र येऊन रास्त भावात किराणा घ्यायचा, हा तिचा पाया. आपल्या बचत गटांच्या कल्पनेपासून ती फार लांब नाही. हा अनुभव घेतल्यावर दमाणींनी स्वतःची कंपनी काढली, तिचं नाव अव्हेन्यू सुपरमार्ट्स. २००२ साली पवईला पहिलं डीमार्ट उघडलं. मार्च २०२४ अखेर देशात त्यांची ३६५ दुकानं झाली होती.

आता त्यांच्या हिशोबाकडे बघा. कंपनी शेअर बाजारात असल्याने हिशोब जाहीर होतो. २०२३-२४ या वर्षात विक्री सुमारे ४९,५०० कोटी रुपये आणि निव्वळ नफा सुमारे २,७०० कोटी. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण तो १०० रुपयांच्या विक्रीवर आणून बघू. ढोबळमानाने:

- मालाची खरेदी: ८५ रुपये
- पगार, वीज, वाहतूक, देखभाल: साडेसहा-सात रुपये
- इमारत-यंत्रांची झीज आणि सरकारचा कर: सुमारे ३ रुपये
- शेवटी उरलेला निव्वळ नफा: साडेपाच रुपयांच्या आत

म्हणजे तुम्ही तिथे हजार रुपयांचा किराणा भरलात तर दुकानाला शेवटी पन्नासेक रुपये सुटतात. मग तेवढ्यावर इतका मोठा व्यवसाय उभा राहतो कसा?

कमी मार्जिनवर नफा: पाच कारणं

१. माल लवकर फिरतो. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि आपल्याला सगळ्यात सोपं. गटाची बचत पेटीत पडून राहिली तर व्याज येत नाही, अंतर्गत कर्ज म्हणून फिरली तर वाढते. दुकानातल्या मालाचंही तेच. उदाहरण घ्या. दोघींकडे प्रत्येकी १०,००० रुपयांचा माल आहे. पहिली खरेदीवर २० टक्के चढवते, पण तिचा माल संपायला चार महिने लागतात. वर्षात तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीला २,००० रुपये, एकूण ६,०००. दुसरी फक्त ८ टक्के चढवते, पण तिचा माल महिन्यात संपतो. बारा फेऱ्या, प्रत्येकी ८०० रुपये, एकूण ९,६००. भांडवल तेवढंच, भाव कमी, तरी दुसरीला जास्त सुटले. डीमार्टचा माल साधारण महिनाभरात विकला जातो. "मार्जिन किती?" या प्रश्नाला "किती वेळा?" हा प्रश्न जोडल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

२. पैसे लवकर देतात. दुकानं सहसा पुरवठादाराला महिना-दोन महिने थांबवतात. डीमार्ट साधारण आठवड्याभरात पैसे चुकतं करतं. ज्याचा पैसा लवकर मोकळा होतो तो भाव कमी करून देतो. आपणही वाशीच्या मसाला मार्केटमध्ये रोख देऊन मिरची घेतली तर भाव वेगळा असतो आणि उधार मागितला तर वेगळा. हे तेच आहे, फक्त मोठ्या आकारात.

३. भाड्याचा बोजा कमी. त्यांची बहुतेक दुकानं स्वतःच्या मालकीच्या जागेत किंवा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर आहेत. महागड्या मॉलमध्ये ती सहसा जात नाहीत. दरवर्षी भाडं वाढलं की वस्तूंचे भाव वाढवायचे, ही वेळ त्यांच्यावर कमी येते.

४. थाटमाट कमी. आत फार सजावट नसते. खोकी तशीच रचलेली, वस्तू आपणच उचलायची, रांगेत उभं राहायचं. घरपोच सेवा, उधारी, गिऱ्हाईकाशी गप्पा यांतलं काही नाही. खर्च कमी म्हणून किंमत कमी.

५. सगळ्या वस्तूंवर सारखं मार्जिन नाही. त्यांची निम्म्याहून जास्त विक्री खाण्याच्या वस्तूंची आहे. तेल, साखर, डाळ यांचे भाव प्रत्येकीला तोंडपाठ असतात, म्हणून तिथे मार्जिन अगदी कमी ठेवतात. पाव हिश्श्यापेक्षा थोडी कमी विक्री कपडे, भांडी, प्लास्टिकच्या वस्तू, चादरी यांची असते. तिथे मार्जिन जास्त. स्टीलच्या डब्याची "बरोबर" किंमत किती, हे आपल्यापैकी कोणाला नक्की माहीत असतं? साखर आपल्याला दुकानात आणते आणि डबा दुकानाला नफा देतो.

या पाचही गोष्टींत जादू नाही आणि फसवणूकही नाही. पण पाचही गोष्टींना मोठं भांडवल लागतं. म्हणून त्यांच्या किमतीची नक्कल करण्याआधी त्यांच्या मागचं हे सगळं आपल्याकडे आहे का, ते बघायला हवं.

आपण गिऱ्हाईक म्हणून जातो तेव्हा

स्वस्त दुकानातून स्वस्तात बाहेर यायचं असेल तर चार गोष्टी सांभाळा.

पहिली, जाण्या-येण्याचा खर्च धरा. समजा २,००० रुपयांच्या किराण्यावर ८ टक्के वाचले, म्हणजे १६० रुपये. एसटी आणि रिक्षाचे १०० गेले आणि अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली, तर वाचलं काय? शेजारच्या चौघींची यादी एकत्र करून एकीने किंवा दोघींनी जाणं हा साधा उपाय आहे.

दुसरी, यादी करून जा आणि यादीबाहेरच्या वस्तूंची वेगळी बेरीज घरी आल्यावर करा. यादीतल्या मालावर १६० वाचले आणि यादीबाहेरचा १४९ चा डबा घेतला, तर सगळी बचत त्या डब्यात गेली.

तिसरी, सवलतीच्या पाटीपेक्षा वजन वाचा. "एकावर एक मोफत" असेल तर दोन्ही मिळून किती ग्रॅम आणि किती रुपये, ते बघा. ९० ग्रॅमच्या साबणाची १०० ग्रॅमच्या साबणाशी तुलना करू नका. पाकिटावर आता दर ग्रॅम किंवा दर मिलिलिटर किती पडतो तो भावही छापतात. अक्षर बारीक असतं, मुलांना वाचायला लावा. मोठं पाकीट नेहमी स्वस्तच पडतं असं नाही, हे तिथे कळतं. सवलतीत असलेल्या मालाची वापराची शेवटची तारीखही बघा.

चौथी, ९९ आणि १९९ च्या किमतींना भुलू नका. ९९ म्हणजे शंभरच.

कोणी एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतले किंवा वजन कमी दिलं, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. वजनमापाची तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे करता येते. बिल मात्र जपून ठेवा.

आणि गावातल्या वाण्याबद्दल एक शब्द. पाच रुपयांची चहापत्ती, अर्धा पाव तेल, रात्री नऊ वाजता पोराच्या तापासाठी लागणारी साखर, मजुरी मिळेपर्यंतची उधारी, हे मोठं दुकान देत नाही. त्याच्या जास्त किमतीत या सेवेचे पैसे आहेत. दोन्हींचा उपयोग आहे, कशासाठी कुठे जायचं ते आपण ठरवायचं.

आता आपला माल: मसाल्याचं उदाहरण

आपल्या भागात उन्हाळा आला की आगरी-कोळी मसाल्याचं काम निघतं. मिरच्या निवडणं, उन्हात वाळवणं, खडा मसाला भाजणं, मग डंखावर रांग. समजा एका गटाने १० किलो मसाला केला आणि पाव किलोची ४० पाकिटं भरली. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या पावत्या बघून बदला.

बहुतेक गट एवढंच धरतात:

- मिरची ७ किलो, ३०० रुपयांनी: २,१०० रुपये
- धणे, हळद आणि खडा मसाला: १,४०० रुपये
- डंखाची कुटणावळ: ५०० रुपये
- पाकिटं आणि लेबल: २४० रुपये

एकूण ४,२४०. चाळीस पाकिटांना भागलं तर एका पाकिटाला १०६ रुपये. "चला, १३० ला विकू, २४ रुपये सुटतील." सगळा माल खपतो, ९६० रुपये नफा म्हणून वहीत लिहितात आणि गट खूश होतो.

आता जे धरलंच नाही ते लिहू:

- वाशीहून माल आणायचं गाडीभाडं: ३०० रुपये
- मजुरी, चार महिलांचा एकेक दिवस, ३५० रुपयांनी: १,४०० रुपये
- सांडलं, फुटलं, चव म्हणून दिलं: १६० रुपये
- नोंदणी, फोन, वीज यांचा वाटा: १०० रुपये
- गटाकडून घेतलेल्या कर्जाचं व्याज: १०० रुपये

हे झाले २,०६० रुपये. खरा खर्च ६,३००, म्हणजे पाकिटाला साडेसत्तावन्न वर शंभर, १५७ रुपये ५० पैसे. आणि आपण विकलं १३० ला. ४० पाकिटांचे ५,२०० आले. १,१०० रुपयांचा तोटा.

पण हा तोटा वहीत कुठेच दिसत नाही. कारण तो आपल्या मजुरीतून वळता होतो. १,४०० रुपयांच्या मजुरीतले १,१०० गेले, ३०० उरले. चौघींना दिवसाचे पंचाहत्तर रुपये. त्याच दिवशी शेतावर गेल्या असत्या तर यापेक्षा कितीतरी जास्त मिळाले असते. म्हणजे गिऱ्हाईकाला मिळालेली ती "स्वस्ताई" आपल्याच चौघींच्या घामातून गेली. डीमार्टमध्ये मिरची फोडणाऱ्यापासून बिल करणाऱ्यापर्यंत प्रत्येकाचा पगार आधी धरतात आणि मग किंमत लावतात. आपण मात्र स्वतःचा पगार धरतच नाही. "घरचंच काम आहे" हे वाक्य हिशोबाच्या वहीतून काढून टाका.

भाव ठरवायची पद्धत

पाकिटाचा खरा खर्च १५७ रुपये ५० पैसे. गटाच्या वाढीसाठी, पुढच्या वर्षी मिरची महागली तर हाताशी असावं म्हणून विक्रीवर १५ टक्के मार्जिन ठेवू. इथे १५७.५० मध्ये १५ टक्के मिळवायचे नाहीत. १५ टक्के मार्जिन म्हणजे किमतीतला ८५ टक्के भाग खर्च. म्हणून १५७.५० ला ८५ ने भागून १०० ने गुणायचं. मोबाइलवर केलं तर उत्तर येतं साधारण १८५ रुपये.

हा थेट विक्रीचा कमीत कमी भाव. पण उद्या एखाद्या दुकानात माल ठेवायचा झाला आणि त्याला विक्रीवर २० टक्के हवे असले तर? १८५ ला ८० ने भागून १०० ने गुणा: सुमारे २३० रुपये. म्हणून पाकिटावर एमआरपी २३० छापा. दुकानात २३० ला गेलं तर ४६ दुकानदाराचे, १८४ आपले. प्रदर्शनात किंवा घरून २०० ला दिलं तर गिऱ्हाईकाला ३० ची सवलत आणि आपल्याला पाकिटामागे ४२ रुपये ५० पैसे.

एमआरपी १८५ छापून बसलात तर दुकानदाराला द्यायला काही उरत नाही, आणि एकदा छापलेली किंमत वाढवताना गिऱ्हाईक नाराज होतं. म्हणून आधी मोठी बाजू धरून किंमत ठरवायची आणि मग कोणाला किती सोडायचं ते आपण ठरवायचं.

सवलत देण्याआधी हे बघा

प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलने १० टक्के सूट लावली की आपलाही हात पाटीकडे जातो. थांबा आणि मोजा. २०० रुपयांना विकताना पाकिटामागे ४२.५० सुटतात, ४० पाकिटांचे १,७००. दहा टक्के सूट दिली तर किंमत १८०, सुटतात २२.५०. तेच १,७०० मिळवायला आता ७६ पाकिटं विकावी लागतील. किंमत दहा टक्क्यांनी उतरली, पण काम जवळजवळ दुप्पट झालं. एवढी मिरची आहे का? एवढे हात आहेत का? एवढी गिऱ्हाइकं येणार आहेत का? तीनही उत्तरं "हो" असतील तर सूट द्या. नाहीतर दुसरा मार्ग शोधा: शंभर ग्रॅमचं छोटं पाकीट, दोन किलोच्या ऑर्डरला घरपोच, जुन्या गिऱ्हाइकाला पुढच्या वर्षीची आगाऊ नोंदणी.

आगाऊ नोंदणी तर फारच कामाची. फेब्रुवारीत नावं आणि थोडी रक्कम घेतली, तर रोखीने मिरची घेता येते, व्याज वाचतं आणि माल पडून राहत नाही. "माल लवकर फिरवा, पैसे लवकर द्या" हे मोठ्या दुकानाचे दोन नियम असे आपल्या अंगणात आणता येतात.

मोठ्या कंपनीच्या मसाल्याशी किमतीत स्पर्धा करू नका, तिथे आपण हरणार. आपल्याकडे जे आहे ते पाकिटावर लिहा: कोणती मिरची, कोणत्या महिन्यात कुटला, डंखावर कुटला की गिरणीत, कोणत्या गावात. सोबत वजन, तारीख, पत्ता आणि एफएसएसएआयचा नोंदणी क्रमांक हवाच. नवी मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये राहणाऱ्या पुष्कळ घरांचं मूळ गाव कोकणात आहे. त्यांना स्वस्त नको असतो, ओळखीचा वास हवा असतो.

गटाचं किराणा दुकान काढायचं असेल तर

काही ग्रामसंघांत हा प्रस्ताव आहे. चांगला आहे, पण एक आकडा डोळ्यांसमोर ठेवा. किराण्यात सगळा खर्च जाऊन १०० रुपयांना ५ रुपये उरले असं धरलं आणि हजार रुपयांची एक उधारी बुडाली, तर ती भरून काढायला २०,००० रुपयांची नवी विक्री करावी लागेल. नातं, गाव, शेजार यांमुळे उधारी नाकारणं कठीण जातं हे मी समजू शकते. म्हणून उधारीची मर्यादा आणि मुदत दुकान उघडायच्या आधी बैठकीत ठरावाने पक्की करा. ठराव असला की काउंटरवर बसलेल्या ताईला एकटीला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

दुकानाचं भाडं आणि उधारीची जोखीम नको असेल तर एकत्रित खरेदी हा सोपा मार्ग आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने हे अनेक वर्षं करून दाखवलं आहे. शेजारची कुटुंबं मिळून संघ करतात, महिन्याची मागणी आधी नोंदवतात, घाऊक खरेदी होते आणि संघात माल वाटून घेतात. या कामात मोठा वाटा गृहिणींचा आहे. आपल्याला तर गट तयार आहेत, बैठक दर महिन्याला होतेच, हिशोबाची शिस्त आहे आणि वाशीचं घाऊक धान्य मार्केट जवळ आहे. सुरुवात तीनच वस्तूंनी करा: तूरडाळ, साखर, तेल. मागणी आणि पैसे बैठकीत आधी जमा, मग खरेदी, पावती सगळ्यांसमोर. शिल्लक माल नाही, उधारी नाही, भाडं नाही.

मोठ्या दुकानाला माल द्यायची संधी आली तर

आनंदाने लगेच "हो" म्हणू नका. चार गोष्टी लेखी विचारा: मार्जिन किती टक्के आणि कशावर, पैसे किती दिवसांत, न खपलेला किंवा फुटलेला माल कोणाच्या माथी, आणि वाहतूक कोणाची. गटाच्या उद्योगाची "उद्यम" नोंदणी करून ठेवा, ती सरकारी पोर्टलवर मोफत होते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे, करारात काहीही लिहिलं तरी, ४५ दिवसांपेक्षा जास्त अडवता येत नाहीत, असा २००६ चा कायदा आहे. आणि दीड महिना पैसे न मिळता पुढची मिरची आपण कशातून घेणार, हे घरी मोजल्याशिवाय सही करू नका.

पुढच्या बैठकीत एवढं करा

१. गटाचा कोणताही एक माल घ्या आणि वरच्या दोन याद्यांप्रमाणे खरा खर्च काढा. मजुरी धरायचीच.

२. आजच्या भावात दिवसाची मजुरी किती पडते ते प्रत्येकीला मोठ्याने वाचून दाखवा.

३. कमीत कमी भाव आणि एमआरपी असे दोन आकडे ठरवून ठरावाच्या वहीत लिहा. त्या कमीत कमी भावाच्या खाली कोणीही, अगदी नातेवाइकालाही, एकटीने विकायचं नाही.

४. महिन्याला गटात किती डाळ, साखर, तेल लागतं याची यादी करा आणि ग्रामसंघाच्या बैठकीला घेऊन या.

आकडे जुळत नसतील तर वही घेऊन प्रभागसंघाच्या कार्यालयात या किंवा आपल्या सीआरपी ताईंकडे द्या, आपण एकत्र बसून काढू. मसाल्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत प्रत्येक गटाचा भाव ठरलेला असावा, एवढीच विनंती.

– आपली क्षेत्र समन्वयक